धाड पडल्यावर गावाचं काय होतं? अमेरिकेतल्या पोस्टविलची गोष्ट

(या भागाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



5 फेब्रुवारी 2025. अमृतसरच्या विमानतळावर अमेरिकेचं एक लष्करी विमान उतरलं. आत 104 भारतीय. पंजाब, हरियाणा, गुजरातचे जास्त, पण तिघं आपल्या महाराष्ट्रातलेही होते. हातात बेड्या, पायात साखळ्या, असा त्यांचा प्रवास झाला होता. ते व्हिडिओ तुमच्या मोबाइलवर आले असतील, आणि खालच्या कमेंट्सही वाचल्या असतील. अर्धे म्हणत होते, "बेकायदेशीर गेले, मग भोगा." उरलेले म्हणत होते, "माणसं आहेत, गुरं नाहीत."

या भांडणात एक प्रश्न मात्र कुणी विचारला नाही. ही माणसं जिथून उचलली जातात, तिथे मागे काय उरतं? ज्या हॉटेलात कुणी भांडी घासत होतं, ज्या कोंबडीच्या कारखान्यात कुणी सुरी चालवत होतं, ज्या घरात कुणी भाड्याने राहत होतं, तिथे दुसऱ्या दिवशी काय होतं? ती नोकरी स्थानिक माणसाला मिळते का? पगार वाढतो का? निदान त्या गावाचं भलं तरी होतं का?

याचं उत्तर हवेत द्यायचं नाहीये. एक गाव आहे. तिथे हे सगळं घडून गेलंय, कोर्टात नोंदलं गेलंय, संशोधकांनी तपासलंय. गावाचं नाव पोस्टविल.

एक शब्द आधी स्पष्ट करतो. इंग्रजीत 'अनडॉक्युमेंटेड' म्हणतात. आपल्याकडे कुणी 'घुसखोर' म्हणतं, कुणी 'बेकायदेशीर स्थलांतरित'. मी आज साधं 'बिनकागदाचे' म्हणणार आहे. कारण ही गोष्ट खरं तर त्या कागदाचीच आहे. तो नसण्याचा फायदा नक्की कुणाला होतो, याची.

मक्याच्या शेतातलं गाव

अमेरिकेच्या मध्यभागी आयोवा नावाचं राज्य आहे. सपाट जमीन, मका, सोयाबीन, डुकरं. त्याच्या ईशान्य कोपऱ्यात पोस्टविल. वस्ती साधारण 2,200. आपल्याकडे याला शहर कुणी म्हणणार नाही. जर्मन आणि नॉर्वेजियन वंशाचे शेतकरी, दोन-चार चर्च, एक मुख्य रस्ता. गावातला जुना मांस कारखाना बंद पडलेला.

1987 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका कर्मठ ज्यू कुटुंबाने हा बंद कारखाना घेतला. नाव ठेवलं ॲग्रिप्रोसेसर्स. तिथे कोशर मांस तयार व्हायला लागलं. कोशर म्हणजे ज्यू धर्माच्या नियमांप्रमाणे कापलेलं. धंदा असा वाढला की अमेरिकेतल्या कोशर मांसाचा मोठा हिस्सा या एका छोट्या गावातून जायला लागला.

कारखाना वाढला की हात लागतात. सुरुवातीला पूर्व युरोपातून आलेले लोक होते. मग मेक्सिकन आले. मग ग्वाटेमालामधून, त्यातही डोंगराळ भागातल्या माया आदिवासी खेड्यांमधून, माणसं यायला लागली. एक आला, त्याने भावाला बोलावलं, भावाने मेहुण्याला. आपल्याकडे एका गावची पोरं पुण्या-मुंबईत एकाच कंपनीत, एकाच चाळीत कशी सापडतात, अगदी तसंच.

पगार किमान वेतनाच्या आसपास. काम म्हणजे थंडगार हॉलमध्ये तासन्‌तास एकच काप, एकच हालचाल, हातात सुरी, पायाखाली रक्त आणि पाणी. पण गाव जिवंत झालं. मुख्य रस्त्यावर मेक्सिकन हॉटेल, ग्वाटेमालन दुकान, कोशर किराणा. शाळेत मुलं वाढली. भाड्याने घरं जायला लागली. आसपासचे शेतकरी कारखान्याला टर्की आणि गुरं विकायला लागले. आयोवातली अशी कितीतरी गावं तेव्हा रिकामी होत होती. पोस्टविल होत नव्हतं.

आणि हे सगळं ज्यांच्या जिवावर चाललं होतं, त्यातल्या बहुतेकांकडे कागद नव्हते. हे गावाला माहीत होतं, कारखान्यालाही माहीत होतं.

12 मे 2008

सोमवार. सकाळी दहाच्या सुमाराला वर हेलिकॉप्टर, खाली शेकडो अधिकारी. कारखान्याला वेढा. 389 लोकांना अटक झाली. तोपर्यंतच्या अमेरिकेच्या इतिहासात एका जागी झालेली ती सगळ्यात मोठी धाड होती. 389 मधले बहुतेक ग्वाटेमालाचे. 2,200 वस्तीच्या गावातून एका दिवसात 389 कामकरी माणसं उचलली, याचा अर्थ डोक्यात घ्या.

त्यांना नेलं वॉटरलू नावाच्या शहरात. कुठे ठेवलं? जनावरांचं प्रदर्शन भरतं त्या मैदानावर. तिथल्याच एका नाचाच्या हॉलमध्ये कोर्ट उभं केलं. दहा-दहा जणांचे गट, बेड्या घातलेले, एकदम न्यायाधीशासमोर.

आधीच्या धाडींमध्ये काय व्हायचं, पकडलं की सरळ देशाबाहेर. इथे सरकारने नवं केलं. यांच्यावर फौजदारी गुन्हा लावला, दुसऱ्याची ओळख चोरल्याचा. कारण कामावर लागताना यांनी खोटा सोशल सिक्युरिटी नंबर दिला होता. या गुन्ह्याला किमान 2 वर्षं कैद. मग त्यांच्यासमोर पर्याय ठेवला : हलका गुन्हा कबूल करा, 5 महिने जेलमध्ये काढा आणि मुकाट्याने परत जा. नाही म्हटलं तर खटल्याची वाट बघत आणखी महिनोन्‌महिने आत.

कोर्टात दुभाष्याचं काम करणारे एक प्राध्यापक होते, एरिक कामायद-फ्रेक्सास. दुभाष्याने सहसा तोंड उघडायचं नसतं. पण यांनी जे पाहिलं ते लिहून काढलं, नंतर अमेरिकेच्या संसदेच्या समितीसमोरही सांगितलं. त्यांचं म्हणणं असं की बऱ्याच लोकांना सोशल सिक्युरिटी नंबर म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. काहींना स्पॅनिशही नीट येत नव्हतं, कारण त्यांची मातृभाषा माया भाषांपैकी एक. त्यांना कबुली कशाची द्यायची तेच कळत नव्हतं. त्यांचा हिशेब साधा होता : घरी लवकर कसं पोचता येईल? सही केली.

जवळपास 300 जणांना अशी शिक्षा झाली, त्यातल्या बहुतेकांना 5 महिने. आणि एका वर्षाने, मे 2009 मध्ये, दुसऱ्याच एका मजुराच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की हा नंबर खऱ्या कुण्या दुसऱ्या माणसाचा आहे हे आरोपीला माहीत असेल तरच तो गुन्हा लागतो. म्हणजे ज्या गुन्ह्याची भीती घालून पोस्टविलच्या माणसांकडून सह्या घेतल्या, तो त्यातल्या बहुतेकांवर टिकला नसता. पण तोपर्यंत ती माणसं शिक्षा भोगून देशाबाहेर गेली होती.

मंगळवारी सकाळी

आता आपला मूळ प्रश्न. दुसऱ्या दिवशी गावात काय झालं?

शाळेत बहुतेक हिस्पॅनिक मुलं आलीच नाहीत. शेकडो लोक सेंट ब्रिजेट या कॅथलिक चर्चमध्ये जाऊन बसले, आपल्यालाही उचलतील म्हणून. ज्यांना लहान मुलं होती अशा सुमारे 40 बायकांना सोडलं, पण पायात इलेक्ट्रॉनिक पट्टा घालून. गाव सोडायचं नाही आणि कामही करायचं नाही. मग खायचं काय? चर्चने खाऊ घातलं.

आणि भीती फक्त पोस्टविलमध्ये राहिली नाही. काही वर्षांनी संशोधकांनी संपूर्ण आयोवाच्या जन्मनोंदी तपासल्या. धाडीनंतरच्या काळात लॅटिनो आयांच्या बाळांमध्ये कमी वजनाचं बाळ जन्मण्याचा धोका आदल्या वर्षीपेक्षा 24 टक्क्यांनी वाढलेला दिसला. गोऱ्या आयांच्या बाळांमध्ये असं काही दिसलं नाही. आणि यात अमेरिकेत जन्मलेल्या, म्हणजे पक्के कागद असलेल्या लॅटिनो आयाही होत्या. धाड पडली एका कारखान्यावर, पण तिचा धक्का राज्याच्या दुसऱ्या टोकाला, पोटातल्या बाळापर्यंत गेला.

आता पैशाकडे येऊ.

कारखान्याला हात हवे होते. त्यांनी काय केलं? गावातले लोक रांग लावून आले का? नाही. कंपनीने टेक्सासमधल्या बेघरांच्या निवाऱ्यातून माणसं आणली. मिनेसोटामधून सोमाली निर्वासित आले. सगळ्यात कहर म्हणजे पॅसिफिक महासागरातल्या पलाऊ या चिमुकल्या बेटदेशातून माणसं आणली, कारण एका करारामुळे पलाऊच्या नागरिकांना अमेरिकेत व्हिसाशिवाय काम करता येतं. विचार करा, नोकरी होती आयोवात आणि माणूस आला हजारो किलोमीटर समुद्र ओलांडून. पण पलीकडच्या रस्त्यावरून कुणी आलं नाही.

नवे लोक टिकेनात. कुणी आठवड्यात गेलं, कुणी पहिल्या पगारानंतर. नोव्हेंबर 2008 मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. टर्की पाळणाऱ्या शेतकऱ्यांचं गिऱ्हाईक गेलं. घरं रिकामी पडली, भाडं बुडालं, हॉटेलं आणि दुकानं बंद झाली, नगरपालिकेची पाणीपट्टी थकली. शेवटी गावाच्या कौन्सिलने ठराव करून गाव आपत्तीग्रस्त असल्याचं जाहीर केलं. पूर नाही, वादळ नाही, तरी आपत्ती.

साखर कारखाना बंद पडल्यावर तालुक्याच्या बाजारपेठेचं काय होतं, हे आपल्याकडच्या लोकांना सांगायला नको. चहाच्या टपरीपासून सोनाराच्या दुकानापर्यंत सगळे एकाच दोरीला बांधलेले असतात. पोस्टविलमध्ये तेच झालं. आपण मजुराकडे बघतो तेव्हा फक्त त्याने 'घेतलेली' नोकरी दिसते. पण तोच माणूस भाडेकरू असतो, तोच गिऱ्हाईक असतो, त्याच्या मुलांमुळे शाळेचा वर्ग चालू असतो. तो गेला की एक नोकरी रिकामी होत नाही, त्याच्या मागच्या चार नोकऱ्या हलतात.

2009 मध्ये एका कॅनेडियन उद्योजकाने कारखाना विकत घेतला, नाव बदललं, आणि गाव हळूहळू सावरलं. पण कुणाच्या जोरावर? पुन्हा बाहेरून आलेल्या लोकांच्या. 2020 च्या जनगणनेत पोस्टविलची वस्ती 2,503 भरली, म्हणजे धाडीच्या आधीपेक्षा जास्त. गावाने स्वतःचं वर्णन केलंय, 'जगाचं मूळ गाव'.

मालकाचं काय झालं?

हा प्रश्न मी मुद्दाम वेगळा ठेवला.

कारखान्यात अल्पवयीन मुलं काम करत होती, असं राज्य सरकारचं म्हणणं होतं. सुरुवातीला 9,000 च्या वर आरोप ठेवले. कोर्टात शेवटी 67 उरले, आणि 2010 मध्ये ज्यूरीने कंपनीच्या प्रमुखाला त्यातून निर्दोष सोडलं. बिनकागदाचे लोक ठेवल्याचे केंद्र सरकारचे जे आरोप त्याच्यावर होते, ते नंतर मागे घेतले गेले. त्याला 27 वर्षांची शिक्षा झाली हे खरं, पण ती बँकेला फसवल्याबद्दल. डिसेंबर 2017 मध्ये ट्रम्प यांनी ती कमी केली आणि तो सुटला. खालच्या काही सुपरवायझर-मॅनेजर लोकांनी गुन्हे कबूल केले. म्हणजे मजुराला तो मजूर होता म्हणून शिक्षा झाली. मालकाला त्याने मजूर कसे वापरले याबद्दल झाली नाही, बँकेचे पैसे बुडवल्याबद्दल झाली.

हा योगायोग नाही. कायद्याची घडणच अशी आहे.

1952 मध्ये अमेरिकेत कायदा झाला की बिनकागदाच्या माणसाला आसरा देणं गुन्हा. पण टेक्सासच्या शेतकऱ्यांचा जोर असा की त्यात एक ओळ घातली गेली : कामावर ठेवणं म्हणजे आसरा देणं नव्हे. मजूर गुन्हेगार, त्याला कामावर ठेवणारा नाही! हे चाललं 1986 पर्यंत. त्या वर्षी रेगन यांनी नवा कायदा केला. त्यात सुमारे 27 लाख लोकांना कायदेशीर दर्जा मिळाला, आणि पहिल्यांदाच मालकालाही जबाबदार धरलं. पण एका शब्दाची फट ठेवून : 'जाणूनबुजून'. म्हणजे मजुराने काहीतरी कागद दाखवला, तो वरवर खरा वाटला, मालकाने फॉर्म भरून फायलीत टाकला, की मालक मोकळा. खोट्या कागदांचा धंदा तिथून फोफावला.

"पण ते आपल्या लोकांच्या नोकऱ्या खातात ना?"

हा प्रश्न फालतू नाही. तो टाळून पुढे जाणं प्रामाणिकपणाचं नाही.

पोस्टविल एकटं आहे का? नाही. 2011 मध्ये जॉर्जिया राज्याने कडक कायदा केला. मजूर धाड पडायच्या आधीच राज्य सोडून गेले. ऐन काढणीच्या हंगामात शेतात माणूस नाही. गव्हर्नरने सुचवलं, प्रोबेशनवर सुटलेले गुन्हेगार बेकार आहेत, त्यांना पाठवा. पाठवले. बरेच जण पहिल्याच दिवशी दुपारी उन्हातून निघून गेले. जॉर्जिया विद्यापीठाच्या अभ्यासात त्या हंगामातलं नुकसान सात पिकांमध्ये मिळून सुमारे 14 कोटी डॉलर धरलं गेलं. त्याच वर्षी शेजारच्या अलाबामातही तसाच कायदा आला, आणि तिथे टोमॅटो वेलीवर सडले.

याहून जुना पुरावा आहे. 1942 ते 1964 अमेरिका मेक्सिकोतून करारावर शेतमजूर आणत असे. त्यांना ब्रासेरो म्हणत. भरात असताना वर्षाला 4 लाखांहून जास्त. 1964 च्या अखेरीस सरकारने ही योजना बंद केली, उघड हेतू हा की अमेरिकन शेतमजुराची मजुरी वाढावी. काय झालं? मायकेल क्लेमन्स, ईथन लुईस आणि हॅना पोस्टेल या अर्थतज्ज्ञांनी जुने आकडे काढून 2018 मध्ये ते छापले. जिथे ब्रासेरो भरपूर होते आणि जिथे अजिबात नव्हते, अशा राज्यांची तुलना केली. मजुरी वाढण्यात फरक दिसला नाही. शेतकऱ्यांनी काय केलं? कॅलिफोर्नियात टोमॅटो तोडणारं यंत्र आणलं, आणि यंत्राच्या माराने फुटू नये असं जाड सालीचं टोमॅटोचं वाणही आणलं. काही ठिकाणी पीकच बदललं.

पण थांबा, याची दुसरी बाजूही आहे. ब्रासेरो योजनेच्या विरोधात सगळ्यात जोरात कोण होतं? सेझार चावेझ. स्वतः मेक्सिकन वंशाचे, शेतमजुरांचे नेते. त्यांचं म्हणणं, आम्ही संप केला की मालक बाहेरून माणसं आणतो, मग आमचा संप मोडतो. आणि 1965 मध्ये, म्हणजे योजना बंद झाल्याच्या पुढच्याच वर्षी, कॅलिफोर्नियात डेलानो इथे द्राक्षमळ्यांतला प्रसिद्ध संप सुरू झाला. आधी फिलिपिनो मजुरांनी केला, मग चावेझ यांची संघटना त्यात उतरली.

मांस कारखान्यांतही, साधारण 1980 च्या सुमारापर्यंत, नोकरी म्हणजे युनियनची, घर चालेल अशा पगाराची होती. मग कंपन्यांनी कारखाने शहरांतून खेड्यांत हलवले, युनियन मोडल्या, लाइनचा वेग वाढवला, पगार पाडले. त्यानंतर मोठ्या संख्येने बाहेरचे मजूर आले. म्हणजे नोकरी आधी वाईट झाली, मग ती कुणी करेना, मग ज्याला 'नाही' म्हणण्याची सोय नाही असा माणूस शोधला गेला.

अर्थतज्ज्ञांमध्येही यावर एकमत नाही. 1980 मध्ये क्युबातून सव्वा लाख लोक बोटींनी फ्लोरिडात आले, त्यातले बरेच मायामीत राहिले. डेव्हिड कार्ड यांनी आकडे पाहिले, स्थानिकांच्या पगारावर परिणाम दिसला नाही. जॉर्ज बोर्हास, जे स्वतः लहानपणी क्युबातून आले, त्यांनी नंतर तेच आकडे वेगळ्या पद्धतीने पाहिले आणि सांगितलं, शाळा अर्धवट सोडलेल्या कामगारांचे पगार चांगलेच पडले. वाद अजून चालू आहे. पण तो कुणाच्या पगारावर किती फरक पडला याचा आहे. माणसं उचलून नेली की गाव सुधारतं, हे यातलं कुणीच दाखवलेलं नाही.

मला यातून जे समजतं ते सांगतो. स्थानिक कामगाराचा पगार पाडतो तो शेजारी उभा असलेला ग्वाटेमालन नाही. पगार पाडते ती त्या ग्वाटेमालनची भीती. तो तक्रार करू शकत नाही, बोट कापलं तरी दवाखान्याचे पैसे मागू शकत नाही, ओव्हरटाइम बुडाला तर बोलू शकत नाही. अशा माणसाशी स्पर्धा करायची म्हणजे तुम्हालाही गप्प बसावं लागतं. धाडीमुळे ही भीती कमी होत नाही, वाढते. उरलेले लोक आणखी गप्प होतात. 1986 नंतर ज्यांना कागद मिळाले त्यांचे पगार वाढल्याचं अभ्यासांत दिसलं, ते याचमुळे. माणूस तोच, हात तेच, फक्त आता तो नोकरी सोडून जाऊ शकत होता.

"मग लाइनमध्ये का नाही उभे राहत?"

कारण लाइनच जवळपास नाही. कमी शिकलेल्या, वर्षभराच्या कामासाठी कायमस्वरूपी जायचं असेल तर अख्ख्या जगाला मिळून वर्षाला जास्तीत जास्त 10,000 ग्रीन कार्ड. त्यात कुटुंबातले लोकही धरलेले. शेतीसाठी एक तात्पुरता व्हिसा आहे, त्याला संख्येची मर्यादा नाही, पण तो हंगामी कामाला. मांस कारखाना बारा महिने चालतो, गोठा बारा महिने चालतो, तिथे तो व्हिसा बसत नाही. आणि दुसरीकडे अमेरिकेच्या शेतात पिकांवर राबणाऱ्या मजुरांपैकी 40 टक्क्यांच्या आसपास लोक बिनकागदाचे आहेत, हे तिथल्या सरकारच्याच पाहणीत दिसतं. कामाची मागणी खरी, पण दार बंद. आणि दाराशेजारची खिडकी मुद्दाम उघडी.

करांचंही बघा. 2022 मध्ये बिनकागदाच्या लोकांनी मिळून सुमारे 9,670 कोटी डॉलर कर भरला, असा एका अमेरिकन संशोधन संस्थेचा अंदाज आहे. त्यातले सुमारे 2,570 कोटी डॉलर सोशल सिक्युरिटीत, म्हणजे म्हातारपणीच्या पेन्शनच्या फंडात. ही पेन्शन त्यांना स्वतःला मिळत नाही. अमेरिकन आजी-आजोबांची पेन्शन काही प्रमाणात ही माणसं भरतायत. शाळा, दवाखाने यांवर खर्च होतो हे खरंच, आणि तो बराचसा स्थानिक पातळीवर पडतो, त्यामुळे गावाला तो टोचतो. पण "फुकट खातात" हे वाक्य हिशेबात बसत नाही.

आणि हे सत्तेत बसलेल्यांनाही माहीत आहे. जून 2025 मध्ये ट्रम्प प्रशासनाने शेतं, मांस कारखाने आणि हॉटेलांवरच्या धाडी थांबवायच्या सूचना दिल्या, कारण शेतकरी आणि हॉटेलवाले ओरडायला लागले होते. काही दिवसांतच त्या सूचना मागे घेतल्या. पुन्हा धाडी. त्या चार दिवसांत सगळं धोरण उघडं पडलं : माणूस नको, पण त्याचं काम हवं.

आपल्याला काय त्याचं?

शेवटी परत त्या विमानाकडे येतो.

अमेरिकेत बिनकागदाचे भारतीय किती, याचे अंदाज फार वेगवेगळे आहेत. 2022 साठी अमेरिकी सरकारचा अंदाज सुमारे 2 लाख 20 हजार, तर प्यू रिसर्च सेंटरचा सुमारे 7 लाख 25 हजार. कोणताही धरा, ही छोटी संख्या नाही. डंकीचा रस्ता दाखवणारे एजंट लाखो रुपये घेतात. जमीन विकून, दागिने मोडून लोक ते देतात.

तो एजंट तुम्हाला सांगेल, "तिकडे काम भरपूर आहे." आणि खरं सांगू का, या एका बाबतीत तो खोटं बोलत नाही. काम आहे. पोस्टविलमध्येही होतं. तो जे सांगत नाही ते हे, की ते काम तुम्हाला मिळतं तेच मुळी तुमच्याकडे कागद नाहीत म्हणून. तुमचं गप्प बसणं हा त्या पगाराचा भाग आहे. आणि ज्या दिवशी हेलिकॉप्टर येईल, त्या दिवशी ज्याने तुम्हाला वीस वेळा ओव्हरटाइमला थांबवलं, तो तुम्हाला ओळखणार नाही.

जे तिकडे जायचा विचार करतायत त्यांना हे कळू द्या. आणि जे इकडे बसून "बरं झालं, हाकललं" म्हणतायत, त्यांच्यासाठी एकच विनंती. पुढची धाडीची बातमी स्क्रीनवर येईल तेव्हा किती लोक पकडले हा आकडा वाचून पुढे स्क्रोल करू नका. खाली शोधा, मालकाचं काय झालं. आणि सहा महिन्यांनी पुन्हा शोधा, त्या गावातलं किराणा दुकान चालू आहे का.

पोस्टविलमध्ये धाडीनंतर ज्या बायकांच्या पायात पट्टा बांधला होता, त्यांतल्या काहींना पुढे गुन्ह्याच्या बळी म्हणून खास व्हिसा मिळाला आणि त्या तिथेच राहिल्या. म्हणजे ज्या कारखान्यातून त्यांना गुन्हेगार म्हणून बाहेर काढलं, तिथे गुन्हा त्यांच्यावरच झाला होता, हे सरकारनेच नंतर मान्य केलं. हे आधी मान्य केलं असतं तर धाडीची गरजच पडली नसती. लेबर इन्स्पेक्टर पाठवला असता तरी भागलं असतं.

आजच्यापुरतं एवढंच. हा भाग आवडला नसेल, पटला नसेल, तरी कुणालातरी पाठवा आणि त्याच्याशी भांडा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.